शून्य चलान आणि लिखिताचे हात



आजचं वाचन महाभारताच्या शांतिपर्वातलं. युद्ध संपलंय, युधिष्ठिराला राज्य नकोसं झालंय, आणि व्यास त्याची समजूत काढताना सुद्युम्न राजाची गोष्ट सांगतात. खरं तर ती राजापेक्षा दोन भावांची गोष्ट आहे, शंख आणि लिखित. बाहुदा नदीच्या काठी दोघांचे वेगवेगळे आश्रम होते. एकदा लिखित भावाकडे गेला तेव्हा शंख आश्रमात नव्हता. झाडाला फळं पिकली होती. लिखिताने ती तोडली आणि निवांत खात बसला. शंख परत आला आणि म्हणाला, ही कुठून आणलीस? लिखित हसून म्हणाला, इथलीच की! शंख काही हसला नाही. न विचारता घेतलंस, म्हणजे ही चोरी झाली, तो म्हणाला. आता राजाकडे जा, केलंस ते सांग आणि चोराला जो दंड होतो तो मागून घे.

सख्ख्या भावाच्या झाडाची फळं होती हो! आपल्याकडे फॅमिली ग्रुपवर दोन हसऱ्या इमोजींत विषय मिटला असता. पण लिखित खरंच गेला. राजा सुद्युम्न स्वतः चालत त्याला सामोरा आला. सगळं ऐकून म्हणाला, राजाला दंड द्यायचा अधिकार आहे तसा क्षमा करायचाही आहे. तुम्ही तपस्वी आहात, मी तुम्हाला मोकळं केलं, आता दुसरं काही मागा. लिखिताने दुसरं काहीच मागितलं नाही. शेवटी राजाने त्याचे दोन्ही हात तोडवले.

हे वाचताना अंगावर काटा येतो, आणि यायलाच हवा. असल्या शिक्षेचं समर्थन आज कुणी करणार नाही आणि मीही करत नाही. पण शिक्षेचा दर बाजूला ठेवून गोष्ट पुन्हा वाचा. पंचनामा नाही, फोटो नाही, साक्षीदार एकच आणि तोही भाऊ. सोडून द्यायला खुद्द राजा तयार. एवढं असून माणूस म्हणतो, माझा दंड मला द्या. हे वेड आहे की शहाणपण, या प्रश्नावर मी आठवडाभर अडकले आहे. आणि तो डोक्यात फिरत राहिला त्याचं कारण आहे मोबाईलमधलं एक अ‍ॅप.

आम्ही राहतो मिरा रोडला, हाटकेशमध्ये. हे नाव शंकराचं. स्कंदपुराणाच्या नागरखंडात हाटकेश्वर क्षेत्राचं मोठं वर्णन आहे. ते क्षेत्र अर्थात दूर गुजरातेत, वडनगरला. आमच्या हाटकेशमध्ये पुराणापेक्षा वर्दळच जास्त. एका बाजूला काशिमीऱ्याकडून हायवेला लागणारी वाहनं, दुसऱ्या बाजूला स्टेशनकडून येणाऱ्या रिक्षा, मधल्या गल्ल्यांतून स्कूटर. शंकराच्या नावाच्या वस्तीत राहायचं आणि नाक्यानाक्यावर तिसरा डोळा टांगलेला बघायचा, याची मला दर वेळी गंमत वाटते.

तर या तिसऱ्या डोळ्याची वही म्हणजे ते अ‍ॅप. मुंबईत २०१६ पासून कॅमेऱ्याच्या फोटोवरून ई-चलान निघायला लागलं, आणि पुढे राज्यभर एकच व्यवस्था झाली. राज्याच्या वाहतूक पोलिसांचं महाट्रॅफिक नावाचं अ‍ॅप आहे. त्यात गाडीचा नंबर आणि चॅसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले की समोर यादी येते. दिवस, वेळ, ठिकाण, कुठला नियम मोडला, किती रुपये, आणि बऱ्याचदा फोटोसुद्धा. डिसेंबर २०२१ मध्ये राज्यात दंडाच्या रकमा वाढल्या, तेव्हापासून ही यादी बघायची सवय लोकांना जास्तच लागली. आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर महिन्यातून एकदा कुणीतरी विचारतंच, 'चेक केलं का?' आणि उत्तरं येतात, 'शून्य! बाप्पा मोरया!'

त्या शून्याबद्दल मला बोलायचंय.

माझं काम डेटाबेसचं. नव्याने आलेल्या मुलांना पहिल्याच आठवड्यात मी एक गोष्ट घोकायला लावते. शून्य वेगळं आणि नल वेगळं. खात्यात शून्य रुपये आहेत, म्हणजे कुणीतरी मोजलं आणि काही निघालं नाही. नल म्हणजे त्या रकान्यात काही लिहिलंच गेलेलं नाही. कुणी मोजलं की नाही, तेसुद्धा माहीत नाही. या दोघांत गल्लत करणारा प्रोग्रॅम आज ना उद्या कुणाचं तरी नुकसान करतो. चलानच्या अ‍ॅपवर दिसणारं शून्य हे असं नल आहे. ते म्हणतं, तुमच्याविरुद्ध आमच्याकडे नोंद नाही. आपण वाचतो, मी नियम मोडलेला नाही. जिथे कॅमेरा नाही, पोलीस नाही, नंबर प्लेटवर चिखल आहे, तिथलं त्या वहीत काहीच उतरत नाही. वही कोरी राहते आणि आपण तिला चारित्र्याचा दाखला समजतो.

आणि अ‍ॅप उघडताना आपण मनात नेमका काय प्रश्न विचारत असतो, तेही बघण्यासारखं आहे. 'माझं काही चुकलं का?' हे विचारायला अ‍ॅप लागतच नाही. ते ज्याचं त्याला माहीत असतं. अ‍ॅपला आपण विचारतो, 'सापडलं का?' मराठीत याला फार जुनी म्हण आहे, चोराच्या मनात चांदणं. काळोख्या रात्रीसुद्धा चोराला वाटत राहतं की उजेड पडलाय आणि आपण दिसतोय.

(या चांदण्याचा धंदा करणारेही आहेत, तेवढं सांगून टाकते. 'तुमचं चलान बाकी आहे' असा मेसेज आणि सोबत एपीके फाईल आली तर ती उघडू नका. ती फाईल फोनमध्ये शिरून बँकेचे ओटीपी चोरते. धास्तावलेला माणूस तपासायच्या घाईत असतो, त्याला फसवणं सोपं जातं. बघायचं तर सरकारी अ‍ॅपवर किंवा सरकारी वेबसाइटवर स्वतः जाऊन बघा.)

महाभारतात या चांदण्यावर बोलणारी एक बाई आहे, शकुंतला. नाटकातली लाजरीबुजरी नव्हे, आदिपर्वातली. दुष्यंत भर सभेत तिला ओळख देत नाही. त्याची खात्री आहे की आश्रमात काय घडलं ते पाहायला कुणी नव्हतं. शकुंतला त्याला सुनावते. तू एकटा होतास असं समजतोस, पण हृदयात बसलेल्या त्या पुरातन मुनीला विसरलास. आणि मग ती साक्षीदारांची यादीच देते. सूर्य, चंद्र, वारा, अग्नी, आकाश, पृथ्वी, पाणी, माणसाचं स्वतःचं हृदय, यम, दिवस, रात्र, दोन्ही संधिकाळ आणि धर्म. मला या यादीत आवडतं ते हे, की अंगावर धावून येईल असा त्यात यम सोडला तर फारसा कुणी नाही. वारा दंड करत नाही, पाणी नोटीस पाठवत नाही. ते नुसते तिथे असतात. धाक कॅमेऱ्याचा असतो, पण साक्षीचं तसं नाही. साक्ष सोबतीसारखी असते. दोन्ही 'बघतात', एवढ्यावरून आपण देवाला मोठा सीसीटीव्ही करून टाकतो, आणि मग भक्ती म्हणजे कॅमेऱ्यासमोर ब्रेक दाबणं होऊन बसते.

ब्रेकवरून आठवलं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर जुलै २०२४ पासून नवी यंत्रणा चालू आहे. ती नुसता एका जागचा वेग पकडत नाही. एका कमानीपासून दुसऱ्या कमानीपर्यंत किती वेळात पोचलात त्यावरून सरासरीही काढते. कमान आली की वेग कमी, गेली की सुसाट, ही युक्ती तिथे चालत नाही. एकादशीपुरतं शुद्ध राहणाऱ्या आपल्यासारख्यांना जरा विचार करायला लावणारी सोय आहे.

असो. भीतीने का होईना, लोक सिग्नलला थांबतात ना, मग झालं की, असं माझा नवरा म्हणतो. त्याचं खोटं नाही. रस्ता ओलांडणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला गाडीवाला का थांबला याच्याशी काय देणंघेणं? तो थांबला, हे पुरे. म्हणून कॅमेरे असावेत, दंड असावा, याबद्दल मला शंका नाही. प्रश्न पडतो तो जिथे कॅमेरा पोचत नाही तिथला. आणि तो आमच्या घरातच येऊन बसला.

पावसाळ्याच्या आधीची गोष्ट. सासूबाई भाजी घेऊन परत येत होत्या. आमच्या गल्लीच्या तोंडाशी उलट्या दिशेने आलेल्या स्कूटरचा धक्का लागला, त्या पडल्या आणि उजवं मनगट मोडलं. चालवणारा विशीतला मुलगा, पाठीला डिलिव्हरीची पिशवी. त्याने त्यांना उठवलं, रिक्षात बसवून दवाखान्यात नेलं, आणि आम्ही पोचलो त्या गडबडीत निघून गेला. नंबर कुणी लिहून घेतला नव्हता. तिथे कॅमेरा नाही. त्या संध्याकाळी त्याच्या गाडीच्या नावाने अ‍ॅपवर काय दिसलं असतं? शून्य.

तिसऱ्या दिवशी तो स्वतः आला. वॉचमनला विचारत विचारत, हातात चिकूंची पिशवी घेऊन. दारातच म्हणाला, "आजी, माझ्यामुळे झालं. काय करायचं ते तुम्ही सांगा." सासऱ्यांनी तिथल्या तिथे सांगितलं, "चल माझ्याबरोबर पोलीस चौकीत." मुलगा 'नाही' म्हणाला नाही, नुसता उभा राहिला. सासूबाई म्हणाल्या, "अहो, हातावर पोट आहे त्याचं. काम जाईल." मग त्याला आत बसवून विचारलं, असा उलटा का येतोस? तर समजलं की दुभाजकातलं वळण लांब आहे, तिथून फिरून यायचं तर एका ऑर्डरमागे पाचसहा मिनिटं जातात, दिवसाच्या दोनतीन ऑर्डर त्यातच संपतात. सासूबाईंनी औषधाचे पैसे घेतले नाहीत. म्हणाल्या, "मी तुला माफ केलं. पण यापुढे वळणावरूनच यायचं. ती पाच मिनिटं तू भरायचीस." तो बरं म्हणाला. तो गेल्यावर सासरे चिडले ते अजून पुरते शांत झालेले नाहीत. त्यांचं म्हणणं, तुला कोण सांगणार तो वळणावरून येतो की नाही? आणि उद्या दुसऱ्या कुणाची आजी पडली तर तिला काय सांगशील, मी माफ केलं होतं म्हणून?

मला वाटतं सासऱ्यांचा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा जड आहे. आपल्या मनगटापुरती क्षमा करायचा अधिकार सासूबाईंना होता, पूर्ण होता. पण त्या रस्त्यावरून चालणाऱ्या बाकी सगळ्यांच्या वतीने क्षमा करायचा होता का? आज वाचलेल्या गोष्टीत हेच तर आहे. हात तुटल्यावर लिखित भावाकडे परत येतो आणि म्हणतो, दंड घेऊन आलो, आता मला क्षमा कर. शंख म्हणतो, मी रागावलेलोच नव्हतो. मग तो त्याला नदीवर तर्पण करायला पाठवतो. ओंजळ करायला जातो तर लिखिताला हात परत आलेले असतात. तो धावत येऊन विचारतो, तुझ्या तपात एवढं बळ होतं, मग मला आधीच शुद्ध का केलं नाहीस? शंखाचं उत्तर असं, की दंड देणं माझं काम नव्हतं. राजाने ते केलं, त्यामुळे तूही शुद्ध झालास आणि राजाही.

म्हणजे ज्याची फळं गेली त्याच्या मनात राग नाही, पण दंड माफ करणं हे काम तो आपल्याकडे घेत नाही. राग सोडणं एक आणि हिशोब सोडणं दुसरं. आपण दोन्ही एकातच गुंडाळतो. क्षमा केली म्हणजे विषय बंद, किंवा तक्रार केली म्हणजे मनात वैर आहे, असं काहीतरी. शंखाने भावावर प्रेम केलं आणि त्याला राजाकडेही पाठवलं. आमच्या घरात ही दोन कामं दोन माणसांत वाटली गेली होती आणि दोघंही एकमेकांवर रुसले होते! सासूबाईंना मी ही गोष्ट वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "तुझ्या राजाने आधी त्या वळणाचं बघावं." सासरे म्हणाले, "ते बरोबर आहे, पण." पुढे काही बोलले नाहीत.

मुलाबद्दल मात्र मला वेगळंच वाटत राहतं. त्याच्या वहीत शून्य होतं. तो आला नसता तरी त्या वहीत काही बदललं नसतं. एकनाथांची ती गोष्ट तुम्ही ऐकली असेलच. देवगिरीवर जनार्दनस्वामींकडे असताना हिशोबात क्षुल्लक रकमेची चूक राहिली आणि ती शोधत नाथ रात्रभर दिव्यापाशी बसले. सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजवली. गुरूंनी जागे होऊन पाहिलं आणि म्हणाले, एवढ्याशा चुकीचा पत्ता लागला तर एवढा आनंद, मग संसाराची मोठी चूक सापडली तर किती होईल! रात्री दोन वाजता बग सापडल्यावर टाळी वाजवणाऱ्या आम्हा लोकांना हा आनंद बरोबर कळतो. पण नाथांना ती चूक कुणी दाखवली नव्हती. अ‍ॅप नव्हतं, ऑडिट नव्हतं. ते शोधत होते कारण हिशोब त्यांचा होता. दारात उभा राहिलेल्या त्या मुलाच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, भीतीच होती. तरी तो आला.

सवलतीचंही थोडं बोलते, कारण बिल्डिंगच्या ग्रुपवर सगळ्यात जास्त चर्चा त्याचीच असते. फेब्रुवारी २०२३ मध्ये कर्नाटकात बाकी दंडावर ५० टक्के सूट दिली तेव्हा भरायला रांगा लागल्या. आपल्याकडे लोक अदालतीची नोटीस येईपर्यंत थांबायचं, असा सल्ला अनुभवी मंडळी देतात. कायद्यात बसतं, त्यामुळे पाप वगैरे म्हणणार नाही. शिवाय हेल्मेट नसल्याचे ५०० रुपये मला एका जेवणाचे आणि त्या डिलिव्हरीच्या मुलाला दिवसभराच्या कमाईतला मोठा घास. त्याने तडजोड मागितली तर मी त्याच्या बाजूने उभी राहीन. पण महिन्याला लाखाच्या वर पगार घेणारा माणूस पाचशेचे अडीचशे होण्याची वाट बघत दोन वर्षं बसतो, तेव्हा त्याला तो दंड वाटतच नाही, बाजारातला भाव वाटतो. भाव उतरेपर्यंत थांबायचं! लिखिताला तर फुकटात सुटका मिळत होती.

आणि चुकीचं चलान आलं तर मुकाट्याने भरायचं का? अजिबात नाही. दुसऱ्याच्या गाडीचा नंबर चुकून आपला वाचला जातो, कुणी आपल्या नंबरची बनावट प्लेट लावून फिरतं, असं होतं. फोटो नीट बघा, गाडी आपली नसेल तर तक्रार करा. लिखिताने स्वतः खाल्लेल्या फळांचा दंड मागितला होता, दुसऱ्याने खाल्लेल्यांचा नव्हे.

शंखाच्या उत्तरातला शेवटचा तुकडा मात्र आपण सहसा सोडून देतो. राजाही शुद्ध झाला, असं तो म्हणतो. म्हणजे दंड देणाऱ्यालाही काही सिद्ध करायचं असतं. कॅमेऱ्याच्या चलानांसाठी केंद्राने ऑगस्ट २०२१ मध्ये नियम केले. घटनेपासून १५ दिवसांत नोटीस पोचली पाहिजे, ती जागा, वेळ आणि फोटोसकट असली पाहिजे, आणि प्रकरण निकाली निघेपर्यंत नोंद जपून ठेवली पाहिजे. हे राजाचं व्रत आहे. दोन वर्षं काही न कळवता एके दिवशी वीस चलानांची यादी समोर टाकली, तर पहिल्याच्या वेळी माणूस सुधारला असता ती संधी गेली. दुभाजकातलं वळण इतकं लांब ठेवलं की पोटासाठी पळणारा रोज उलटा शिरणार, आणि मग तिथे फक्त कॅमेरा लावला, तर पैसे जमतील. सुद्युम्न शुद्ध झाला तसा तो राजा होईल का, मला शंका आहे.

सासूबाईंनी यावर कृती केली. प्लास्टर निघाल्यावर डाव्या हाताने नव्हे, मोडलेल्या उजव्या हातानेच, वाकड्यातिकड्या अक्षरात महापालिकेला अर्ज लिहिला. गल्लीच्या तोंडाशी गतिरोधक हवा आणि दुभाजकात जवळ वळण हवं. सोसायटीतल्या एकतीस जणांनी सह्या केल्या. सासऱ्यांची सही पहिली आहे. तो मुलगा चिकू घेऊन परत आला नाही, पण ऑर्डर घेऊन दोनदा आला. कुठल्या बाजूने आला ते आम्ही गॅलरीतून बघितलं नाही, सासूबाईंनी बघू दिलं नाही.

उद्या याच्या पुढचा अध्याय, हयग्रीव राजाचा. वाचून ठेवा.

राम कृष्ण हरी.